सोनीबाईचा होकार आणि निळ्या पत्र्याचा घाट

वाकळ अर्धी आपटून झाली होती, अर्धी साबणाच्या पाण्यात फुगून बसली होती, आणि नेमकी तेव्हाच नाल्याच्या काठावरून ममताची हाक आली.

सोनीबाई राठोडनं हातातली धुणं बडवायची मोगरी खाली ठेवली नाही. वाकळ म्हणजे काही पातळ नव्हे, की मधेच सोडलं आणि मग सावकाश पिळलं. जुन्या लुगड्यांचे सात थर, त्यावर दोन हिवाळ्यांचा घाम, आणि शिवाय आषाढात मांजरीनं तिच्यातच बाळंतपण उरकलेलं. अशा वाकळेला एकदा ओलं केलं की मग तीच मालकीण. आणि घट बसायला चार दिवस राहिलेले. त्याआधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं नाही, तर जगदंबेला घरात बोलवायचं तरी कोणत्या तोंडानं?

ममता सोनीबाईची सून. सोनीबाईला ती याडी म्हणते, म्हणजे आई. बंजारा तांड्यात तसंच म्हणतात. ती काठावर उभी राहून एका दमात सांगून मोकळी झाली. यवतमाळहून कोणी वर्षा मॅडम आल्या आहेत, नवा घाट तपासणार आहेत, सरपंच बाबाराव घाम पुसत उभे आहेत, आणि साऱ्या बायांनी धुणं घेऊन घाटावर यावं, मॅडमसमोर धुऊन दाखवावं, असा निरोप आहे. सोनीकाकू आल्या की बाकीच्या आपोआप येतील, असंही ते म्हणाले.

"हो, आलीच सांग," सोनीबाई म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हटलं.

ही तिची जुनी खोड. उंबरतांड्यात सत्तावीस घरं, नाल्यापलीकडे गावठाण, दोघांची मिळून एक ग्रामपंचायत. नेरहून अर्धा तास बस, मग फाट्यावरून पायी. एवढ्या लांब जो कोणी तंगडतोड करत येईल त्याला नाव विचारायच्या आधी पाणी द्यायचं, हा तांड्याचा रिवाज. बाकीच्या बाया तो पाण्यापुरता आणि फार तर चहापुरता पाळत. सोनीबाईनं तो प्रश्नांनाही लावला. दारात आलेला माणूस काही आशेनं विचारतो. नाही म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. उतरल्या तोंडानं पाहुणा दारातून जाणं आणि उपाशी जाणं, तिच्या लेखी एकच. म्हणून ती आधी त्याचा चेहरा न्याहाळायची, त्याला कोणतं उत्तर हवं आहे ते हेरायची आणि चहासोबत तेच वाढायची.

पाणी उकळून पिता का? हो. शोषखड्डा आहे का? हो ना, मागं आहे. धूर न होणारी चूल दिली होती, ती वापरता का? रोज. चूल खरोखर रोज वापरात होती, हे सेवालाल महाराजांची शपथ घेऊन सांगता आलं असतं. तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसत होती. रक्तवाढीच्या गोळ्या खाता का, असं आरोग्याच्या बाईंनी विचारलं तेव्हाही हो. त्या गोळ्या सेवालाल महाराजांच्या तसबिरीखाली, कुंकवाच्या करंड्याशेजारी, पाकिटासकट ठेवलेल्या. चांगल्या हातानं दिलेली वस्तू, टाकवत नाही. आणि खाल्ली की मळमळते. मग देवाजवळच बरी.

असं करता करता सरकारच्या कागदावर एक दुसरीच सोनीबाई तयार झाली होती. तिचा नवरा लखीराम एकदा जेवताना म्हणाला, की ती कागदावरची बाई कोठी भेटली तर मी तिच्यासंगच राहीन. तिच्या घरी धूर नाही, डास नाही, पाणी उकळलेलं, अंगात रक्त भरपूर. सोनीबाईनं भाकर त्याच्या ताटात टाकत सांगितलं, की ती तुमाले ठेवणार नाही. तिच्या आयुष्यातला नाहीच्या सर्वांत जवळ गेलेला शब्द तो. आणि तोही तिनं दुसरीच्या तोंडून काढवला.

घाटाची कथा अशाच एका होकारातून निघाली.

तीन वर्षांमागे, ऐन वैशाखात, एक टकले साहेब टॅब घेऊन तांड्यावर आले होते. सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर सभा भरली. पुढं तांड्याचे नायक, सरपंच आणि झाडून सारे पुरुष. मागं भिंतीला टेकून पदर ओढलेल्या बाया. साहेबांनी सोनीबाईच्या हातचा चहा घेतला, दोन गिलास पाणी घेतलं आणि मग बायांकडं पाहून विचारलं, की धुणं धुवायला पक्का घाट पाहिजे का?

साऱ्यांनी सोनीबाईकडं पाहिलं. सोनीबाईनं साहेबांकडं पाहिलं. सदरा पाठीपर्यंत भिजलेला, एका चपलेचा पट्टा तारेनं शिवलेला, आणि त्या दिवसातला हा त्यांचा पाचवा तांडा.

"पाहिजे ना साहेब," ती म्हणाली. "काहून नाही पाहिजे?"

मागून सव्वीस बाया तसंच म्हणाल्या. साहेबांचा चेहरा असा उजळला, की सोनीबाईला एखाद्या जेवणावळीचं पुण्य लागल्यासारखं वाटलं. शंभर टक्के मागणी, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि टॅबवर बोट दाबून निघून गेले. कोठे पाहिजे, कसा पाहिजे, आता कशावर धुता, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला त्यांच्या टॅबमध्ये तशी जागाच नसावी. घरी जाताना ममतानं विचारलंच, की याडी, आपला नाला चांगला वाहते, मग घाट कायले? सोनीबाईनं तिची समजूत घातली, की सरकारले मागितलेलं कधी येते का? पण त्या माणसाचा दिवस त चांगला गेला.

आणि ते आलं.

नाल्यावर नाही. नाल्यापर्यंत सिमेंटची गाडी जात नाही आणि नाला रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून घाट झाला पंचायतीच्या ऑफिसासमोर, पानठेल्याच्या अगदी तोंडावर. वर निळा पत्रा, खाली कंबरेइतके उंच बारा ओटे, ओट्यांवर पांढरी गुळगुळीत टाईल, प्रत्येक ओट्याला चकचकीत नळ, कडेनं स्टीलचं कठडं, आणि योजनेच्या नावाची पाटी एवढी मोठी की पाहुणा आधी पाटी पाही आणि मग घाट. उभ्यानं धुवा, कंबर वाकवू नका, असा त्यामागचा विचार होता. विचार कोणाचा ते कळलं नाही. पण ज्याचा कोणाचा होता त्यानं वाकळ उचलली नसावी.

कारण ओली वाकळ कंबरेइतकी वर न्यायची म्हणजे दोन बाया लागतात. नेली तर ती टाईलवरून पलीकडं सरकते. मोगरी मारावी तर टाईल फुटायची भीती. शिवाय लुगड्याचा काचा मारून, गुडघे उघडे टाकून धुणं धुवायचं, तेही पानठेल्यावर बसलेल्या साऱ्या गावासमोर? पहिल्याच आठवड्यात बायांनी घाटाकडं पाठ फिरवली आणि पुरुषांनी तोंड केलं. गार टाईल, वर सावली, बारा ओटे. पत्ते खेळायला अशी जागा उभ्या नेर तालुक्यात नाही. सातव्या ओट्यावर लखीरामची बैठक पक्की झाली.

पण यापेक्षाही मोठं कारण वेगळंच होतं. नाल्यात प्रत्येक घराचा आपला धुण्याचा गोटा आहे. नवी नवरी आली की पाचव्या दिवशी सासू तिला नाल्यावर नेते, गोट्याला हळदकुंकू लावते, वर पाण्याची धार सोडते आणि सुनेला त्यावर बसवून स्वतः बाजूला होते. घराची किल्ली मागून मिळते, कधी कधी मिळतही नाही. गोटा मात्र पाचव्या दिवशीच दोघींचा होतो. सोनीबाईचा गोटा साऱ्यांत जुना. तिच्या आजेसासऱ्याचे बैल मिठाच्या गोण्या वाहत. शेवटच्या खेपेला एका बैलाच्या पाठीवरची एक गोणी वाटेत विकली गेली आणि दुसरी तशीच राहिली. वजन एकीकडं झुकायला लागलं. तेव्हा आजेसासूनं नदीतला एक सपाट काळा धोंडा रिकाम्या बाजूला बांधला. तो धोंडा तोल सांभाळत इथवर आला. इथं तांडा बसला, मीठ संपलं, बैल गेले, आणि धोंडा नाल्यात उतरून सत्तर-पंचाहत्तर वर्षं वाकळा सोसत बसला. तीन सासवांच्या बुडानं आणि मोगऱ्यांनी तो मधोमध असा खोलगट झाला आहे की त्यावर ठेवलेला साबण घसरत नाही. टाईलवर हे कसं होणार?

घाट झाल्यावर वर्षभरात कागद आला, की वापराचा फोटो पाठवा, ठिकाणासकट. बाबाराव सरपंच माणूस वाईट नाही. घाट रिकामा दिसला तर गावाचं नाव काळ्या यादीत जाईल आणि तांड्याच्या रस्त्याचं कामही अडकेल, ही त्यांची धास्ती खरी होती. ते सोनीबाईकडं आले, चहा प्यायले, विचारलं. उत्तर ठरलेलं. मग साऱ्या बाया कोरी पातळं हातात घेऊन, नळ न सोडता, ओट्यांमागं ओळीनं उभ्या राहिल्या आणि ममतानं आपल्या मोबाइलवर फोटो काढला. सोनीबाई मधोमध, लग्नातलं लुगडं टाईलवर पसरून, हसतमुख. एकही बाई ओली नव्हती. पण फोटो पाहणाऱ्याचं तिकडं लक्ष गेलं नाही. वापर शंभर टक्के, अशी नोंद झाली.

आणि इतका चांगला चाललेला घाट पाहून सरकारनं खूश होऊन दुसरा टप्पा मंजूर केला.

हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ग्रामसभेची नोटीस ममतानं वाचून दाखवली तेव्हा सोनीबाई तांदूळ निवडत होती. आता बायांना नाल्याची गरज उरली नाही, तर नाल्याचं सुशोभीकरण करायचं. दोन्ही काठांना सिमेंटची भिंत, वर कठडं, बसायला बाक, आणि सुरुवातीला जेसीबी लावून पात्रातले अडथळे काढायचे. अडथळे कोणते, असं सोनीबाईनं विचारलं. ममतानं नोटिशीची घडी घातली आणि म्हणाली, की आपले गोटे.

तांदूळ तसेच राहिले. ती बाबारावांकडं जाऊन आली. तेही बिचारे हात चोळत बसले होते. गोटे वाचवणं अंदाजपत्रकात नव्हतं. काम नको म्हणावं तर निधी परत जातो, आणि आलेला निधी परत जाणं म्हणजे सरपंचाच्या दृष्टीनं मांडवातून वरात परत जाणं. जेसीबी सोमवारी यायचा होता. त्याआधी जिल्ह्याहून कोणी येऊन पहिला टप्पा नीट चालला आहे, एवढं पाहून सही करणार होतं.

ते कोणी म्हणजेच आजच्या या वर्षा मॅडम. आणि सोनीबाई त्यांच्यासमोर धुऊन दाखवायला हो म्हणून बसली होती.

"आता काय करतं?" शेजारच्या गोट्यावरून रुखमाबाईनं विचारलं. रुखमाबाई गावठाणातल्या बुद्धविहाराशेजारची. तिचा गोटा सोनीबाईच्या गोट्याला लागून, म्हणजे पंचवीस वर्षांची मैत्री एका साबणावरची. तिचा डावा हात मनगटाशी जरा वाकडा आहे. दोन वर्षांमागे पावसात गाठोडं घेऊन उतरताना काठावरून घसरली, तेव्हापासून. "जाय, एखादं पातळ भिजव, दाखव न ये. हो म्हटलं न तू."

सोनीबाईनं पायाखालच्या वाहत्या पाण्याकडं पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत अशी चमक आली की रुखमाबाईला नंतर सांगतानाही हसू आवरत नसे.

"दाखवाले कायले, रुखमा? धूच ना."

आणि तिनं ममताला तांड्यावर पिटाळलं. सरपंचांचा निरोप आहे म्हणावं, धुणं घेऊन या. घरोघरी घटाच्या आधीचं जे जे निघालं असेल ते सारं. वाकळा, गाद्यांच्या खोळी, पोळ्यापासून पडलेल्या बैलांच्या झुली, फवारणीचे कपडे सोडून बाकी सगळं. आणि प्रत्येकीनं मोगरी आणायची, विसरायचं नाही. आपली अर्धी धुतलेली वाकळ मात्र तिनं गोट्यावरच राहू दिली. वर एक धोंडा ठेवला, थापटलं आणि लखीरामची मळकी ताडपत्री खांद्यावर टाकून चढण चढायला लागली.

घाटावर बाबारावांनी थाट मांडला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर फुलदाणी, शहाळं. पत्ते उचलले गेले होते, पण पत्तेवाले कठड्याला टेकून मजा पाहत होते. वर्षा मॅडम चाळिशीच्या आतबाहेरच्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला कमी. त्यांनी शहाळ्याला हात लावला नव्हता.

सत्तावीस बायांची रांग गाठोडी घेऊन येताना दिसली तेव्हा बाबारावांचा ऊर भरून आला. गाठोडी जवळ आली, त्यांचा आकार दिसला, तेव्हा तो जरा ओसरला. एकेक पातळ आणा, असं त्यांनी हळूच सुचवून पाहिलं. सोनीबाईनं त्यांना समजावलं, की भाऊ, मॅडम एवढ्या दुरून आल्या, त्यांच्यापुढं काय अर्धंमुर्धं धुवायचं?

बाराही नळ एकदम सुटले. वाकळा भिजल्या आणि वर चढवायची वेळ आली. तीनदा चढवली की दोनदा ती पलीकडून उतरून पत्तेवाल्यांच्या पायावर. एक झूल लखीरामच्या अंगावर गेली आणि तो सातव्या ओट्याशी इतक्या वर्षांच्या ओळखीचा विचार न करता पळाला. मग मोगऱ्या उठल्या. पहिल्या घावाला टाईल नुसती कण्हली. चौथ्याला तिला तडा गेला. नंतर कोणत्या ओट्यावर काय फुटतं आहे हे ओळखू येईना. साबणाचं पाणी नालीकडं जायचं सोडून उलट्या बाजूनं निघालं, कारण उतार तिकडंच होता. घाट झाल्यापासून एवढं पाणी कधी पडलंच नसल्यामुळे हे कोणाला ठाऊक नव्हतं. आधी मॅडमनी पाय वर घेतले, मग बाबारावांनी, आणि फेस टेबलाखालून जाऊन पंचायतीच्या ऑफिसाचा उंबरा ओलांडता झाला. आत ग्रामसेवक खुर्चीवर उभे राहिल्याचं खिडकीतून दिसलं.

दहा मिनिटांत नळांनी सूं सूं केलं आणि थांबले. टाकी तांड्याच्या पिण्यापुरती होती. सत्तावीस बाया साबणानं माखलेल्या वाकळा धरून उभ्या. सोनीबाईच्या मोगरीचं तर स्टीलच्या कडेवर आपटून डोकं उडालं होतं, नुसती मूठ हातात राहिली होती. ती मूठ पदराला पुसत तिनं अतिशय अदबीनं विचारलं, "सरपंचभाऊ, आता खळबळू कोठी?"

बाबाराव कोरड्या नळाची तोटी फिरवत राहिले. वर्षा मॅडम मात्र फेसातून चालत सोनीबाईपाशी आल्या. त्यांच्या हातातल्या टॅबवर एकच प्रश्न होता. घाटाचा वापर होतो का. होय किंवा नाही. तो त्यांनी वाचून दाखवला.

आता ममता, रुखमाबाई, पत्तेवाले, साऱ्यांची नजर सोनीबाईवर. सोनीबाईची नजर सवयीनं गेली ती विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर, आणि तिथून मागं उभ्या असलेल्या बाबारावांवर. ते नुसते डोळ्यांनी हात जोडत होते. पोरासारखा माणूस, रोज काकू म्हणून हाक मारणारा. तिच्या ओठांवर तोच शब्द येऊन बसला. तिला तो बसलेला जाणवत होता. त्याच्यामागून जेसीबी येत होता तेही दिसत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "असं इचारसान त मी होच म्हणीन. मले नाही म्हणता येत नाही. दुसरं काही इचारा."

वर्षा मॅडमनी तिच्या लुगड्याकडं पाहिलं. मग टॅबचं झाकण लावलं.

"मावशी, तुम्ही इथं आलात तेव्हाच तुमचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं," त्या म्हणाल्या. "कुठून आलात?"

या प्रश्नाला हो म्हणता येत नव्हतं आणि नाहीही. सोनीबाईला इतकं हलकं वाटलं की ती हसलीच.

"नाल्यातून."

सारी वरात नाल्याकडं निघाली. खळबळायला तिकडं जाणं भागच होतं. काठाच्या घसरणीवर वर्षा मॅडमचा पाय सटकला आणि त्यांनी धरायला जो हात मिळाला तो धरला. तो रुखमाबाईचा वाकडा हात होता. हा असा कसा, असं त्यांनी विचारलं. रुखमाबाईनं त्यांच्या पायाखालची माती दाखवली.

खाली गेल्यावर कोणाला काही सांगावं लागलं नाही. सत्तावीस बाया सत्तावीस गोट्यांकडं सरळ चालत गेल्या, जशी गाय आपल्या खुंट्याकडं जाते. गोट्यांवर पितृपक्षातही पुसट हळदकुंकू होतं. सोनीबाईनं आपल्या वाकळेवरचा धोंडा उचलला, रुखमाबाईची मोगरी मागून घेतली आणि राहिलेली अर्धी आपटायला लागली. आपटता आपटता तिनं मिठाच्या गोणीची गोष्ट सांगितली. लखीराम काठावरून म्हणाला, की बैलावर गोटे वाहणारा आमच्यात कोणी येडा नव्हता. ती त्याच्याकडं न पाहता म्हणाली, की येडा नव्हता, बाई होती.

मग सोमवारी जेसीबीनं काढायच्या अडथळ्यांच्या यादीतला पहिला अडथळा म्हणजे आपण बसलो आहो तो गोटा, हेही तिनं सांगून टाकलं.

वर्षा मॅडम एका रिकाम्या दगडावर टेकल्या होत्या. इथं खरं काय पाहिजे, असं त्यांनी विचारलं. सोनीबाईनं मान वर करून त्यांचा चेहरा शोधला, उत्तर हेरायला. पण मॅडमनी तोंड फिरवलं होतं. त्या वाहत्या पाण्याकडं पाहत होत्या, पाठ सोनीबाईकडं. पाठीवरून काही वाचता येईना. सोनीबाईची मोठी पंचाईत झाली. मग जे आत होतं तेच बाहेर आलं.

"पायऱ्या पाह्यजे," ती म्हणाली. "कळंबच्या चिंतामणीकडं कसं, पायऱ्या उतरून खाली देवापाशी जाता येते, म्हातारं माणूसही जाते. इथं पाच पायऱ्या असत्या त रुखमाचा हात सरळ राह्यला असता. बाकी आमाले काही नाही पाह्यजे."

काही नाही पाह्यजे, हे वाक्य आपल्या तोंडून गेलं, हे तिला नंतर घरी गेल्यावर, दिवा लावताना समजलं.

मॅडमनी टॅब पुन्हा उघडला. पायऱ्यांसाठी त्यात रकाना नव्हता. शेवटी ‘इतर’ म्हणून बोटभर जागा सापडली, तिच्यात त्यांनी बारीक अक्षरात ओळी कोंबल्या. मग खरं ते सांगितलं. दगडांना हात लावू नये असं लिहिलं आहे, सोमवारचं यंत्र थांबेल एवढं मी करू शकते. पायऱ्यांचं वचन देत नाही; त्यासाठी नवा प्रस्ताव लागतो, नवी पाहणी लागते, पुन्हा कोणीतरी विचारायला येईल.

सोनीबाई म्हणाली, की येऊ द्या ना, चहा देईन. मग थोडा विचार करून पुढं म्हणाली, "फक्त त्याले सांगजा मॅडम, इकडं तोंड करून इचारू नको म्हणा."

वर्षा मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. जाताना सोनीबाईच्या घरी चहा प्यायल्या, आणि चुलीत बसलेली कोंबडी पाहूनही काही बोलल्या नाहीत.

वाकळा धुऊन निघाल्या तसा वाळवायचा प्रश्न आला. सत्तावीस घरांच्या वाकळा एकाच दिवशी निघाल्या. तांड्यात एवढ्या दोऱ्या कोठल्या? तेव्हा ममताला घाटाचं कठडं आठवलं. चांगलं मजबूत, स्टीलचं, दिवसभर ऊन खाणारं. तिसऱ्या प्रहरी साऱ्या वाकळा त्यावर पडल्या, लाल, हिरव्या, ठिगळांच्या. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना वाटलं असेल, काय सुरेख चालला आहे सरकारी घाट. वाकळांच्या आडोशाला लखीरामची मंडळी पुन्हा पत्ते वाटून बसली, कारण आता सावली पहिल्यापेक्षा दाट झाली होती.

बाबाराव दोन दिवस सोनीबाईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. निधी परत जाणार, ऑफिसात अजून साबणाचा वास येतो, फुटक्या टाईलचं काय सांगू, अशी सारी गाऱ्हाणी त्यांनी तिच्याच ओट्यावर बसून तिलाच ऐकवली. तिनं गरम लापशी त्यांच्यापुढं ठेवली. बशी संपल्यावर त्यांनी मोबाइल काढून तिला एक फोटो दाखवला. वाकळांनी भरलेलं कठडं, मागं पाटी स्पष्ट. वापर सुरू आहे म्हणून हा पाठवला तर चालेल का काकू, असं त्यांनी विचारलं.

सोनीबाईनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग उठली, त्यांच्याकडं पाठ केली, महाराजांच्या तसबिरीसमोरची वात सारखी करत राहिली आणि म्हणाली, "वाळवतो असं लिहा, भाऊ. धुतो असं लिहू नका."

सोमवारी जेसीबी आला नाही. पायऱ्याही अजून आल्या नाहीत. विचारायला कोणी येईल तेव्हा येईल. सोनीबाईची वाकळ वाळली, घडी होऊन पेटीत गेली, जगदंबेचे घट बसले. राहिली ती मोगरी. आपली मोडलेली, आणि रुखमाची अजून हिच्याच घरी. सकाळच्या बसनं नेरच्या बाजारात जायचं, सुताराकडून बाभळीची नवी मोगरी आणायची, आणि येताना रुखमाची मोगरी तिच्या घरी देऊन यायची.